चरावरची फळी

१

मोठे सर चरात पडले तेव्हा धाकटी नुकतीच त्याच फळीवरून चालत पलीकडे आली होती. पाठीमागे आवाज झाला तो कडकडाट नव्हता. जाड पुठ्ठा कोणीतरी मधोमध फाडावा, तसा काहीतरी. त्यामागोमाग लोखंडावर लोखंड आदळलं आणि मग सगळं गप्प झालं. धाकटी वळली. फळी नव्हती, ट्रॉली नव्हती, सरही नव्हते.

हा हॉल म्हणजे कारखान्याची चाचणीशाळा आणि मोठे सर तिचे प्रमुख. तयार झालेल्या फळ्या इथे यंत्रात धरायच्या, वाकवायच्या, मोडायच्या आणि किती भाराला मोडल्या ते बघायचं. घरी एक बशी फुटली तरी बोलणी खाणारी धाकटी इथे मोडतोडीचाच पगार घ्यायची. फळी म्हणजे लाकडाची नव्हे. मध्ये हलका फोम, त्याच्या वर आणि खाली काचेच्या धाग्यांचं कापड, रेझिनमध्ये भिजवून दगडासारखं कडक केलेलं. नाव सँडविच, पण नुसता हात लावला तरी दिवसभर खाजवत बसावं लागे.

हॉलच्या मधून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक खोल चर गेला होता. मोठ्या यंत्राचे पाइप आणि लोखंडी पाया त्यात होता. चराच्या दोन काठांवर एक चौरस फळी टेकवलेली असायची, तोच पूल. मोठे सर रोज सकाळी लोखंडी वजनांनी भरलेली ट्रॉली स्वतः ढकलत त्या फळीवरून न्यायचे. "आपण केलेल्यावर आपणच नाही चाललो, तर लोकांनी का चालावं?" असं म्हणायचे. त्या दिवशी फळीवर एक काळी रबरी मॅट दिसली तेव्हा ते हसले होते. "आज कोणा शहाण्याने गालिचा अंथरलाय?" ते त्यांचं शेवटचं वाक्य.

शिडीवरून पहिली उतरली ती धाकटीच. सर यंत्राच्या पायाशी पडले होते आणि त्यांच्या मुठी अजून ट्रॉलीच्या हँडलवर घट्ट होत्या. तिने त्यांच्या मानेला हात लावला, नाडी लागेना, तिने हात काढून घेतला. वरून लोक ओरडत होते, काय झालं, काय झालं.

मग तिची नजर फळीच्या तुटलेल्या कडेवर गेली.

असली फळी मोडते तेव्हा कडेला झाडूसारखे धागे पिंजारून बाहेर येतात. हजारो धागे तुटायला तयार नसतात, त्याची ती खूण. ही कड मात्र सुरीने कापल्यासारखी सरळ होती. धागे तुटलेच नव्हते, चटईच्या काड्या सुटाव्यात तसे एकमेकांपासून नुसते सुटले होते. या कापडाची सगळी ताकद उभ्या धाग्यांत. आडवे धागे अगदी बारीक, उभ्यांना एकत्र धरून ठेवण्यापुरते. उभे धागे या काठापासून त्या काठापर्यंत गेले पाहिजेत, तरच फळी भार पेलते. ही फळी बरोबर उलट होती. एकटंदुकटं माणूस तिच्यावरून जाईल, भरलेली ट्रॉली जाणार नाही.

कोणी खाली यायच्या आत धाकटीने कडेचा तळहाताएवढा तुकडा मोडून ॲप्रनच्या खिशात घातला. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. कापड साच्यात चुकून आडवं पडलं असेल, तर ते पाडणारे हात एकाच माणसाचे होते. तिच्या सख्ख्या भावाचे.

२

दादा रेझिन विभागाचा फोरमन. साच्यात कापड अंथरायचं, रेझिन पाजायचं, बुडबुडे काढायचे, हे काम त्याच्यासारखं कोणालाच जमत नसे, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. डोक्याने गरम. आदल्याच दिवशी सरांनी त्याच्या फळ्या सगळ्यांदेखत नापास केल्या होत्या आणि दादा हॉलभर ऐकू जाईल असं ओरडला होता, "एवढा भरवसा नाही तर माझ्या फळीवरून जाता कशाला रोज? एक दिवस जाल खाली, मग कळेल!"

आता ते वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. त्यात सकाळी हॉलचं कुलूप दादानेच उघडलं होतं.

धाकटी हात धुवायच्या निमित्ताने बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. तेवढ्यात ताई आली. ताई म्हणजे मागाच्या खोलीतली मुख्य, कापडाची वीण ठरवणारी. धाकटीला या कारखान्यात धागा ओळखायला तिनेच शिकवलं होतं. सख्खी बहीण नसल्याची कसर धाकटीने ताईवर भरून काढली होती.

"अगं, रडून घे ना एकदाचं," ताईने तिला जवळ घेतलं आणि ॲप्रनमधला तुकडा तिला टोचला. "हे काय आहे?"

धाकटीने तुकडा दाखवला. ताईचा चेहरा पांढरा पडला. बराच वेळ ती त्या सरळ कडेवरून बोट फिरवत राहिली.

"दादाने कापड आडवं टाकलं," धाकटी कुजबुजली. "ताई, चुकून झालं असेल गं. त्याचं लक्ष नसेल."

"चुकून का होईना, माणूस गेलाय. आणि कालचं भांडण सगळ्यांनी ऐकलंय. चुकून म्हणून कोण ऐकून घेईल त्याचं?" ताईने तुकडा परत तिच्या खिशात सरकवला. "लपव हा. कोणाला दाखवू नकोस. फळी जुनी होती, मोडली, संपलं."

"पण..."

"दादासाठी म्हणतेय मी."

धाकटीला हायसं वाटलं. आपल्या बाजूने कोणीतरी आहे, एवढंच तिला त्या क्षणी हवं होतं.

पोलीस येऊन पंचनामा करून गेले. दुपारी कारखान्यांतल्या अपघातांची चौकशी करणाऱ्या खात्याच्या बाई आल्या. बुटक्या, अंगात जाड स्वेटर, नाकाला रुमाल. चराच्या काठापासून चार हात लांब थांबल्या आणि म्हणाल्या, "मी यापेक्षा पुढे येणार नाही. मला उंचीची भीती वाटते, खोलीची वाटते आणि कुत्र्यांची तर विचारूच नका. इथलं काम मला कोण समजावून सांगेल?"

सगळ्यांनी धाकटीकडे बोट दाखवलं.

३

अशा रीतीने जिच्या खिशात पुरावा होता, तीच तपासनीस बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. बाई प्रत्येकाला इकडचं तिकडचं विचारत आणि शेवटी एकच प्रश्न टाकत, "तुम्हाला भीती कशाची वाटते?"

पहिले आले ते मालकांचे जावई. पाठीमागे सगळे त्यांना जावईबापू म्हणत. माल खपवायचं काम त्यांच्याकडे होतं आणि जिभेवर साखर होती.

"फळी मोडतेच कशी, मला कळत नाही," ते घाम पुसत म्हणाले. "आमची फळी कुठूनही धरा, सारखीच मजबूत. अशी ठेवा, तशी ठेवा. गिऱ्हाइकाला मी हेच सांगतो."

धाकटी खाली बघत राहिली. सरांनी हे ऐकलं असतं तर जावईबापूंची शाळा घेतली असती.

"आज सकाळी फळीवरून गेलात?"

"दोनदा. सरांना विचारायला गेलो होतो, नव्या कापडाच्या फळ्या पास करताय की नाही. नाही म्हणाले. नेहमीचंच."

"मॅट कोणी घातली?"

"मला वाटलं फोरमनने घातली."

"आणि भीती?"

"नावाची हो! याच फळ्या शाळेच्या दोन इमारतींमधल्या पुलाला लागल्यात. उद्यापासून मुलं जाणार त्यावरून. तिथे काही झालं तर आम्ही बुडालोच!"

शाळेचा पूल धाकटीच्या डोक्यातच आला नव्हता. त्या फळ्याही दादाच्याच हातच्या होत्या.

दुसरा दादा. तो आला तो रेझिनचा वास घेऊनच. त्याच्या विभागातली जमीन, खुर्च्या, माणसं, सगळ्यांवर रेझिनचे थेंब वाळलेले असत. त्याचे बूट तर पाऊल उचलताना चिकटून आवाज करायचे. तपासनीस बाईंनी त्या बुटांकडे बराच वेळ पाहिलं.

"मॅट तुम्ही घातलीत?"

"नाही. मी दार उघडलं तेव्हा होतीच. मला वाटलं सरांनी घातली."

"दार उघडून कुठे गेलात?"

"माझ्या विभागात. रेझिन कालवायचं होतं, ते कोणासाठी थांबत नाही."

"म्हणजे हॉल उघडा होता. काल संध्याकाळी?"

"सगळे जाईपर्यंत उघडाच असतो. मागाच्या खोलीचं दार तर हॉलमध्येच उघडतं."

"सरांवर राग होता तुमचा?"

"होता," दादा म्हणाला. "आजही आहे. माणूस असा मध्येच निघून जातो का?" आणि त्याने बाहीने डोळे पुसले.

"भीती कशाची वाटते?"

दादाने दोन्ही पंजे टेबलावर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. "यांची," तो म्हणाला.

तो गेल्यावर तपासनीस बाईंनी नाक शिंकरलं. "फळीचे तुकडे मी वर मागवून जमिनीवर जुळवून घेतले," त्या सहज म्हणाल्या. "सगळे जुळले. कडेचा तळहाताएवढा एक तेवढा सापडत नाही. तुम्ही पहिल्या उतरलात ना खाली?"

४

धाकटीने "हो" म्हटलं. नशिबाने दारात ताई येऊन उभी राहिली आणि तो प्रश्न तिथेच अडकला.

ताई शांत बसली, हात मांडीवर. फळीवरून गेला होतात का, तर हो, सकाळीच, नेहमीसारखी. मॅट कोणी घातली ते माहीत नाही. सरांशी वाद होता का?

"वाद नाही, मतभेद होता," ताई म्हणाली. "सरांनी ठरवलेलं कापड एकाच दिशेने मजबूत आहे. मी दोन्ही दिशांना सारखं मजबूत असं नवं कापड विणलं. तीन वर्षं घातली त्यात. सर म्हणाले, दमट हवेत ते फोमपासून सुटतं. सुटतं थोडं, पण मी म्हणायचे, सर, तुमची फळी चौरस आहे, कधीतरी कोणीतरी चुकेल. ते म्हणायचे, आपल्या कारखान्यात कोणी चुकत नाही."

"आणि कोणी चुकलं?"

ताईने हळूच धाकटीकडे पाहिलं. "ते मी कसं सांगणार? फळी जुनी होती."

"भीती?"

"आता कसली भीती बाई. व्हायचं ते होऊन गेलं."

संध्याकाळी घरी दादा जेवला नाही. वहिनीने विचारलं, मुलं अंगाखांद्यावर चढली, तरी तो नुसता हातांकडे बघत बसला. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. धाकटी पाणी द्यायला वाकली तेव्हा ऐकू आलं. "उभे धागे भिंतीकडे, मग फोम, मग परत उभे भिंतीकडे..." तो ती फळी मनातल्या मनात पुन्हा घालत होता. म्हणजे त्यालाही संशय होता. धाकटीचा उरलासुरला धीर तिथेच सुटला.

तेवढ्यात ताईचा फोन आला. "तो तुकडा घरी ठेवू नकोस. सकाळी येताना मला दे, मी जाळून टाकते. तू कशाला अडकतेस यात?"

"बरं," धाकटी म्हणाली. फोन ठेवून ती दाराला टेकली.

तुकडा जाळला की दादा वाचणार होता. वहिनी, मुलं, हे घर, सगळंच वाचणार होतं. पण दादाचा हात एका फळीत चुकला असेल, तर शाळेच्या पुलात चुकला नसेल कशावरून? डोळे मिटले की तिला तो पुठ्ठा फाटल्यासारखा आवाज ऐकू यायचा, आणि त्यापाठोपाठ किती पावलं धावत येताहेत, तेही.

सकाळी ती निघाली तेव्हा ताई फाटकापाशी वाट बघत उभी होती. धाकटीने तिला बघितलं, मान खाली घातली आणि मागच्या दाराने आत शिरून थेट तपासनीस बाईंचं टेबल गाठलं. खिशातला तुकडा काढून तिने टेबलावर ठेवला.

"माझ्या भावाच्या हातून चूक झाली," ती म्हणाली. "शाळेचा पूल बंद करा."

५

तपासनीस बाईंनी आधी शाळेला फोन केला. मग दार लावून घेतलं, धाकटीला पाणी दिलं आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. उभे धागे, आडवे धागे, झाडू, चटई.

"ही फळी चरावर कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"झाले बरेच महिने."

"आणि सर ट्रॉली कधीपासून नेत होते?"

"पहिल्या दिवसापासून. रोज."

"हीच ट्रॉली? एवढीच भरलेली?"

"हो."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "मग अहो, साच्यातच कापड आडवं पडलं असतं तर फळी पहिल्याच दिवशी नसती का मोडली?"

रोज हेच गणित करणारी धाकटी! भीतीपायी अक्कल अशी गहाण पडली होती की साधी गोष्ट सुचली नव्हती.

"कापड आतल्या आत फिरत नाही," बाई म्हणाल्या. "मग फिरलं काय?"

"फळी," धाकटी म्हणाली. "चौरस आहे. पाव वळसा दिला तर काठांवर तशीच बसते. काही कापावं लागत नाही, काही फोडावं लागत नाही. पण एक खूण राहणारच. ट्रॉलीच्या चाकांचे पट्टे पडलेत तिच्यावर."

दोघी हॉलमध्ये गेल्या. जुळवलेल्या तुकड्यांवर मॅट पुन्हा तशीच अंथरली होती. धाकटीने ती गुंडाळली. खाली रंगावर चाकांचे दोन चकचकीत पट्टे होते आणि ते तुटलेल्या कडेला समांतर, चराच्या लांबीने गेले होते.

"ट्रॉली काय हवेतून चरावर फेऱ्या मारायची?" बाई म्हणाल्या. "हे झाकायला गालिचा. पण एवढी फळी एकट्याने फिरवायची म्हणजे पैलवानच हवा."

धाकटी भिंतीला टेकवलेल्या तशाच दुसऱ्या फळीपाशी गेली आणि ती एकटीने छातीपर्यंत उचलून दाखवली. "हलकी असते, म्हणून तर बनवतो."

बाईंनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "जावईबापूंना वाटतं फळी कुठूनही सारखीच मजबूत. त्यांना हे सुचलंच नसतं. तुमच्या भावाला सुचलं असतं, तुम्हाला सुचलं असतं, आणि..."

"ताईला," धाकटी म्हणाली आणि लगेच मान हलवली. "नाही. ती मला मदत करत होती."

"मॅटची मागची बाजू बघा. काचधाग्यांची कुसळं भरलीत, पण रेझिनचा एक थेंब नाही. तुमच्या भावाच्या जमिनीवर मॅट सोडाच, बूट कोरडा राहत नाही. ही मागाच्या खोलीतली, मागापुढे अंथरायची मॅट आहे. अर्थात ती तिथून कोणीही उचलू शकतं, भाऊसुद्धा. तेवढ्यावर मी कोणाला धरणार नाही." त्या चराकडे बघून शहारल्या. "माझं एक काम करा. ती दुसरी फळी मी शिपायाकडून चरावर ठेवून घेते. तेवढा वेळ तुम्ही बाहेर जा. कशी ठेवलीय ते तुम्हाला माहीत नसलेलं बरं."

"मला का नाही?"

"कारण घाबरायचं नाटक तुम्हाला जमणार नाही," तपासनीस बाई म्हणाल्या. "आणि मला खरी भीती बघायचीय."

६

तासाभराने चौघांना हॉलमध्ये बोलावलं. चरावर फळी होती, तिच्यावर तीच काळी मॅट, कडेने खाली लोंबेल अशी. या काठावर भरलेली ट्रॉली होती.

"एकेकाने ट्रॉली पलीकडे न्यायची," तपासनीस बाई रुमालाआडून म्हणाल्या. "फळी मीच शिपायाकडून ठेवून घेतली. तिचं खाली-वर, इकडे-तिकडे काही असतं का ते मला काही कळलं नाही. बसली तशी बसवली."

जावईबापू दोन पावलं मागे सरले. "मी नाही! मला काय जीव नकोसा झालाय? फळ्याच बाद आहेत सगळ्या!"

"आता ताई, तुम्ही."

ताई ट्रॉलीपाशी आली. सगळे खाली चरात बघत होते. ताईने चरात पाहिलंच नाही. ती खाली बसली, मॅट सारखी केल्यासारखं करून तिचं टोक दोन बोटांनी उचललं आणि फळीच्या कडेकडे पाहिलं. कापडाच्या दोन काठांना, उभ्या धाग्यांच्या दिशेने, एक निळा धागा विणलेला असतो. फळीच्या दोनच बाजूंना तो दिसतो. दिशा ओळखायची ती खूण, तो चर ओलांडणाऱ्या कडांना हवा.

ताईने मॅट खाली सोडली. उठली.

"मला चक्कर येतेय," ती म्हणाली. "नाही जमणार."

"बरं. मग तुम्ही," तपासनीस बाईंनी धाकटीला खूण केली.

धाकटीने हँडल धरलं. ते थंड होतं. तिने ताईकडे पाहिलं. ताईला माहीत होतं. ताईने आत्ताच, सगळ्यांसमोर, बघून घेतलं होतं. फळी सरळ असती तर ती गेली असती. आडवी असेल तर आता तिने "थांब" म्हणायला हवं होतं. एक शब्द पुरे होता.

ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

पाय मागे घ्यावा एवढंही धाकटीला सुचेना. ट्रॉलीची पुढची चाकं मॅटला टेकली.

"थांब! ए, थांब!" रांगेत मागे उभा असलेला दादा धावत आला. जावईबापूंना ढकलून तो गुडघ्यांवर आपटला आणि त्याने मॅट ओढून काढली. "आडवी आहे फळी! निळा धागा या बाजूला आहे, दिसत नाही का कोणाला? मरशील तू!" त्याने ट्रॉली एका हाताने आणि बहिणीला दुसऱ्या हाताने मागे खेचलं. मग त्याने खाली पाहिलं आणि गप्प झाला. फळीखाली दोन जाड लोखंडी पट्ट्या टाकलेल्या होत्या. कोणी मरणार नव्हतं.

तपासनीस बाईंनी रुमाल खाली घेतला. "फळी आडवी असली तर माणूस मरतो, हे दोघांनी ओळखलं. एकजण ओरडला. दुसरी बघून आली आणि गप्प उभी राहिली. सर मेले ते फळी आडवी असल्यामुळे, हे या मुलीशिवाय मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला ते कसं कळलं, ताई?"

"निळा धागा बघणं ही माझी सवय आहे," ताई म्हणाली.

"सवय असेल. मग बघितल्यावर बोलला का नाहीत? ही मुलगी तुम्हाला ताई म्हणते."

ताई तिथेच जमिनीवर बसली.

"ट्रॉली पुढे असते," ती म्हणाली. "रोज बघायचे मी. ते ट्रॉली पुढे ढकलतात आणि मागून चालतात. फळी मोडली की ट्रॉली जाईल, ते काठावर राहतील, असं धरलं होतं मी. सगळे म्हणतील, बघा, आडवी पडली तर काय होतं. मग माझं कापड घेतील. त्यांनी हँडल सोडायला हवं होतं. कोणीही सोडलं असतं! त्यांनी का नाही सोडलं?"

"आणि मग आळ दादावर जाऊ दिलास," धाकटी म्हणाली.

"मी घाबरले होते गं. तुला काय माहीत मी किती घाबरले होते! तो तुकडा बघितला आणि वाटलं, हा नाहीसा झाला की मी सुटले, दादाही सुटला. कोणालाच काही नाही."

"आणि आत्ता? मी हँडल सोडलं असतं, असंच धरलं होतंस?"

बाहेर पोलिसांची गाडी आली, ताईला घेऊन गेली. जाताना तिच्या पदराला काचेच्या धाग्याचं एक तूस चमकत होतं आणि धाकटीला सवयीने ते काढावंसं वाटलं. तिने हात मागे घेतला.

तपासनीस बाई काठापासून दूरदूरनेच बाहेर गेल्या. जावईबापू मालकांना फोन करायला पळाले. हॉलमध्ये भाऊबहीण उरले. दादाने एकट्यानेच ती फळी उचलली, पाव वळसा फिरवून पुन्हा काठांवर टेकवली आणि निळा धागा एकदा पाहिला, परत एकदा पाहिला.

"तो तुकडा तू दिलास बाईंना," तो तिच्याकडे पाठ करूनच म्हणाला.

"हो."

"तुला वाटलं होतं, माझ्या हातून झालंय."

धाकटीला खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "हो."

"आणि तरी जाऊन सांगितलंस."

"शाळेतली पोरं होती रे दादा."

दादा हात झटकून उठला.

"बरोबर केलंस," तो म्हणाला. "तुझ्या हातून झालंय असं मला वाटलं असतं ना, तर मी नसतं सांगितलं."

हे कौतुक होतं की तक्रार, ते धाकटीला कळेना. आणि विचारायची तिला भीती वाटली.